शवासनात लागलेली झोप

"मॅडम, ह्या घोरतायत," परीक्षक म्हणाले.

घोरत होती सुमन. नाशिकच्या कारागृहात महिला विभागात योगाची परीक्षा चालू होती आणि शेवटचं आसन होतं शवासन. पाठीवर पडून अंग सैल सोडायचं, पण जागं राहायचं. झोप लागली की मार्क गेले. हा नियम मीच सहा महिने सगळ्यांना कानीकपाळी ओरडून सांगितला होता.

मी शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर झाल्यापासून इंदिरानगरहून आठवड्यातून तीनदा तिथे क्लास घ्यायला जाते. सुमन कळवणकडची, चाळिशीची. तिने काय केलं होतं ते मी विचारलं नाही, कोणालाच विचारत नाही. तिची एकच अडचण होती. डोळे मिटायचे म्हटलं की ती घाबरायची. बराकीत रात्रभर लाइट चालू, आणि शेजारी निजलेलीचा भरवसा नाही.

"बाई, डोळा लागला का दचकून उठते मी. लय भ्या वाटतं."

आधी मी रागवायचे. मग रागवणं सोडलं आणि तिची चटई भिंतीकडेला टाकू लागले, जिथून दार दिसतं. हळूहळू डोळे मिटायला लागले.

ही परीक्षा पास झालं की शिक्षेत दोनेक महिन्यांची सूट मिळते. आत तिला 'माफी' म्हणतात. सुमनच्या मुलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि आई तर आत. माफी मिळाली तर ती वेळेत घरी पोचत होती. नाही मिळाली तर नाही. एवढा सरळ हिशोब होता.

"उठवा त्यांना. पुन्हा पाच मिनिटं देतो," परीक्षक म्हणाले. भला माणूस होता.

मी तिच्याजवळ गेले. तोंड उघडं, मुठी सुटलेल्या. इतक्या महिन्यांत तिला अशी कधी पाहिली नव्हती. हात लावायचा धीर होईना.

"सर, बाकीच्यांची तोंडी आधी घेऊ. तोवर पडू दे तिला."

"मला मनमाडहून गाडी पकडायचीय, मॅडम."

"अर्धा तास फक्त."

ते कबूल झाले. पण तोंडी लांबली. एकीला प्राणायामाचे प्रकार सांगता सांगता रडू फुटलं, तिला शांत करण्यात वेळ गेला. आणि जेवणाची घंटा झाली. जेवण, मग बंदी, म्हणजे बराकींना कुलूप. ही वेळ तिथे कोणासाठी हलत नाही. मला ते माहीत होतं. मी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

घंटेसरशी सुमन ताडकन उठली आणि सवयीने गिनतीच्या रांगेत जाऊन बसली. मी जेलर मॅडमना विनवलं.

"पाच मिनिटं द्या."

"आज तुम्हाला दिली तर उद्या सगळ्यांना द्यावी लागतील."

परीक्षकांनी सुमनच्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलं, सही केली आणि बॅग उचलली.

पुढच्या क्लासला मी तिच्यासमोर हात जोडले. म्हटलं, इतकी शांत झोपली होतीस, उठवायला जीव धजला नाही.

ती रागावली नाही. ते जास्त लागलं.

"झोप काय बाई, घरी जाऊन काढली असती. लाथ मारून उठवायचं ना."

पुढची परीक्षा द्यायची वेळ आलीच नाही, त्याआधी तिची शिक्षा पुरी झाली. बाळंतपण मुलीच्या सासूने केलं. चांगलं केलं, असं सुमननेच मला फोनवर सांगितलं. पण ती घरी पोचली तेव्हा सव्वा महिना उलटून गेला होता आणि बाळंतिणीचं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता परीक्षेत कोणी झोपलं तर मी खांद्याला धरून हलवते. दया मला येते, दिवस त्यांचे जातात.