रेजिना आंटींची नताल

शुक्रवारी, म्हणजे बहरीनमधल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी चर्चमधून परत आल्या की रेजिना आंटी आधी चहा टाकायच्या आणि मग दाराची कडी काढून ठेवायच्या. गोष्टी ऐकायला वर जायला आम्हा मुलांना तेवढी खूण पुरे. मनामाच्या गुदैबिया भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा, म्हणजे ऐंशी सालाच्या आसपास, मराठी घरं चारच होती. आम्ही पुण्याचे, दुसऱ्या मजल्यावर. आंटी वसईजवळच्या भुईगावच्या, आमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर. त्यांचे यजमान व्हॅलेरियन अंकल एका हॉटेलच्या लाँड्रीचे सुपरवायझर होते, आणि मुलगा जॉन माझ्याच वयाचा, नऊ वर्षांचा.

आंटी नोकरी करत ती अमेरिकन मुलांच्या शाळेत, लायब्ररीत. पुस्तकांना कव्हर घालायचं, फाटलेली पानं चिकटवायची, तारखेचे शिक्के मारायचे. तिथल्या मुख्य ग्रंथपाल मिसेस हॅडली कपाट रिकामं करायला काढलं की जुनी पुस्तकं आंटींना देऊन टाकत. एकदा आंटींनी एक खोकंभर डायऱ्या आणल्या. अमेरिकेच्या इतिहासातल्या मुलामुलींनी लिहिलेल्या डायऱ्या, असं आम्हाला वाटलं. कापडाच्या गिरणीत काम करणारी मुलगी, गुलामीतून उत्तरेकडे पळालेली मुलगी, आणि आमची सगळ्यांत लाडकी हॅना. ती १८४९ साली आईवडिलांबरोबर छपराच्या बैलगाडीतून मिसुरीहून ओरेगनला निघाली होती.

आंटी पुस्तक इंग्रजीत उघडायच्या आणि सांगायच्या मराठीत. आम्ही खाली जमिनीवर, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि आंटी मांडीवर पुस्तक घेऊन सांगतायत, "आज चौदा मे. नदीला पाणी लय होतं. बाबानं गाडीची चाकं काढली."

"देन व्हॉट हॅपन्ड?" जॉन विचारायचा. आम्ही सगळीच मराठीतलं ऐकायचो आणि बहुतेक इंग्रजीत बोलायचो. आंटींना त्याचं काही वाटत नसे.

हॅना निघते त्या दिवशी तिचे आजोबा बावखलाच्या, म्हणजे घरामागच्या तळ्याच्या, काठावर उभे राहतात. हात हलवत नाहीत, नुसतेच बघत राहतात. आईनं वाटेसाठी सुकट भाजून फडक्यात बांधलेली असते. ते पुस्तक मला इतकं आवडलं की मी एकदा ते मागून घरी नेलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं. बावखल कुठेच नव्हतं. सुकट नव्हती. आजोबा तर पुस्तक सुरू व्हायच्या आधीच वारलेले होते.

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. आंटी कोळंबी साफ करत होत्या.

"आंटी, यू लाइड," मी म्हणाले.

त्यांनी हात धुतले, पुसले आणि माझ्यासमोर खाली बसल्या. "खरं हाय, बाय. बावखल आमच्या घरामागचं. मी चौऱ्याहत्तरला इकडं यायला निघाले तेव्हा माझे पप्पा तिथं उभे होते. ती पोर घर सोडते ते वाचायला लागले की माझं मलाच मध्ये यायला लागतं. काय करू?"

मग त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं की हॅना कधी नव्हतीच. लेखिकेनं तशा प्रवासाबद्दल खूप वाचून ती रचली होती. मी रडलेच. दुपारी बाकीच्या मुलांना कळलं तेव्हा तीही हिरमुसली. आंटी म्हणाल्या, "मग आता तुम्ही लिहा. आपल्या गावच्या जुन्या काळातल्या एखाद्या मुलाची डायरी."

पुढच्या शुक्रवारी पाच वह्या आल्या. पाचही अमेरिकेच्या. मीसुद्धा एका गिरणीतल्या मुलीचंच लिहिलं होतं.

"वसईची का नाही रे लिहिली?" त्यांनी जॉनला विचारलं.

जॉन अगदी सरळपणे म्हणाला, "मम्मी, अमेरिकन्स हॅव हिस्ट्री. वी ओन्ली हॅव लीव्ह."

व्हॅलेरियन अंकल खो खो हसले. आंटी हसल्या नाहीत. दोन वर्षांतून एकदा महिनाभर गावी जायचं, लग्नं आणि बारशी उरकायची, पापड-मसाले भरून परत यायचं. पोराच्या मनात गाव एवढंच होतं, हे त्यांना त्या दिवशी लागलं.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात ते सगळे लीव्हवर गेले. एरवी आंटी पहिला आठवडा नातेवाइकांकडे फिरण्यात घालवायच्या. त्या वेळी त्या रोज सकाळी वही घेऊन अंकलच्या म्हाताऱ्या आत्याकडे जाऊन बसल्या. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, लाल लुगडं नेसणाऱ्या आणि कानांनी जरा कमी. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना प्लेग आला होता, आणि सगळी आळी घरं सोडून वाडीत झोपड्या बांधून राहिली होती. पहिल्या दिवशी आत्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? माणसं मेली, उरली ती परत आली." पण आंटींनी मरणाबद्दल विचारलंच नाही. झोपडीला दार कशाचं होतं, पाणी कुठून आणायचे, कोंबड्यांचं काय केलं, असं विचारत गेल्या. मग आत्या थांबेनात. धाकट्या भावाला झोपडीतच कशी शेजारच्या बाईनं आंघोळ घातली, कारण आईला ताप आला होता. परत घरी आल्यावर उंबऱ्यात गवत वाढलेलं होतं आणि वडील ते उपटता उपटता एकदम खाली कसे बसले.

बहरीनला परत आल्यावर आंटी लिहायला लागल्या. मुलीचं नाव नताल. रोज लायब्ररीतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानभर. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. चार-पाच पानं ऐकल्यावर मी विचारलं, "पण आंटी, त्या आत्यांना लिहिता येत होतं का?"

"नाय. अजून अंगठाच लावतात."

"मग नताल डायरी कशी लिहील? दॅट्स नॉट पॉसिबल."

आंटींनी वही मिटली. दोन शुक्रवार नताल पुढे सरकलीच नाही. मला वाईट वाटलं, आई मला रागावलीही. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला बाजूला बसवलं. "मेधा, हॅना तरी कुठं होती? तिच्या बदली कुणीतरी बसून लिहिलंच ना? नतालला लिहायला येत नव्हतं, म्हणून तर तिच्या बदली लिहायला पायजे." आणि त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर तेच वाक्य घातलं: मला लिहिता येत नाही, हे दुसरं कुणीतरी लिहीत आहे.

वही संपायला वर्ष लागलं. वाचून झाली तेव्हा जॉननं मराठीत विचारलं, "तो भाऊ जगला?" मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं अख्खं मराठी वाक्य. "जगला," आंटी म्हणाल्या. "तुझ्या बापाला सायकल त्यानंच शिकवली."

मिसेस हॅडलींना कळलं तेव्हा त्यांनी इंग्रजीत मागितली. आंटींनी स्वतः भाषांतर करून टाइप केलं, हिरवं कापडी कव्हर घातलं, आणि नताल डायऱ्यांच्या ओळीत उभी राहिली. टेक्ससहून आलेल्या एका मुलीनं ती नेली आणि परत देताना विचारलं, बावखल म्हणजे काय? आंटींनी तिला कागदावर चित्र काढून दिलं. गोल पाणी, काठावर केळी. त्या दिवशी घरी आल्या त्या आमच्याच दारावर थांबून आईला सांगत बसल्या. चप्पलसुद्धा काढली नाही.

शहाऐंशीत तेलाचे भाव कोसळले. हॉटेलनं माणसं कमी केली, त्यात अंकल गेले, आणि व्हिसा त्यांच्या नोकरीवर असल्यामुळे आंटींचीही नोकरी सुटली. सहा आठवड्यांत घर आवरलं. विमानतळावर मी त्यांना धरून रडत होते, आणि त्या मला सारख्या सांगत होत्या, "खलास, बाय, खलास," जसं इथले लोक लहान मुलांना 'पुरे आता' म्हणून गप्प करतात तसं.

वर्षभरानं भुईगावहून त्यांचं पत्र आलं. चर्चच्या हॉलमध्ये त्या रविवारी गावातल्या मुलांना गोष्टी सांगत होत्या. "इथल्या पोरांना प्लेगचं काय पडलेलं नाय," त्यांनी लिहिलं होतं. "ती म्हणतात, आंटी, बहरीनची सांगा. लिहायला घेतलंय, पण आताच विसरायला झालंय. आपल्या गल्लीतला तो खुबूसवाला भट्टीतून रोटी काढायचा ती सळई सरळ होती की टोकाला वाकडी? बघून कळव."

मी तशीच चपला घालून खाली गेले.