बूड चांगलं भाजलं

“आधी बूड पाहा, मंग तोंड.”

एवढं बोलून बडे बाबू पिझ्झ्याचा एक तुकडा दोन्ही हातांनी उचलत, डोक्याच्या वर धरत आणि मान मागं टाकून त्याची खालची बाजू न्याहाळत. हाडांचा डॉक्टर एक्स-रे उजेडाकडं धरतो ना, अगदी तसं. वितळलेलं चीज अशा वेळी संथपणे एका बाजूला सरकायला लागे आणि त्याच्या खाली नेमका मी असे. पुण्यातल्या किमान सहा हॉटेलांत माझ्या सदऱ्यावर टोमॅटोचा रस सांडला आहे आणि सहाही वेळा शेजारच्या टेबलावरच्या पोरापोरींनी फोन बाहेर काढले आहेत. बडे बाबूंना त्याचं काही नसे. ते बूड पाहत, काठाचा एक घास घेत, डोळे मिटून चावत आणि खिशातली लांबट वही काढून तिच्यात एक ओळ लिहीत. उरलेला पिझ्झा माझा.

तुम्ही म्हणाल, मोठा खवय्या दिसतो. मलाही तसंच वाटलं होतं, राजेहो. तीच तर माझी चूक.

बडे बाबू म्हणजे आमच्या वर्ध्याच्या कार्यालयातले हेडक्लार्क. नाव होतं त्यांना, पण ते फक्त हजेरीपटावर. मी हिंगणघाटहून बदलून आलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि शहराच्या कडेला सिंदी मेघेत मला भाड्यानं मिळालेलं घर त्यांच्या घराला लागून होतं. बायको वारलेली. मुलगा “बाहेर असते”. कुठं, काय करतो, हे विचारलं की ते चष्मा पुसायला घेत.

बूड पाहण्याची खोड कार्यालयातलीच. समोर फाईल आली की ते ती पालथी घालत आणि सगळ्यात खालचा कागद आधी वाचत. “भांडण खालीच असते गा. वर नुसत्या सह्या.” बाजारात वांगं घेतलं तरी उलटं. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोची भाकरी त्यांनी उलटून पाहिली आणि मान डोलावली. बायको आत येऊन मला म्हणाली, “पास झाली का मी?”

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांनी ते कुंपणाशी आले.

“तुही पोरगी पुण्याले हाय न?”

“हाय ना, बडे बाबू.”

“मंग जाशीन तवा मले संगं ने. पिझ्झा खायचा हाय.”

मी हसलो नाही. मी फार मोठ्या संयमाचा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन अकरा वाजेपर्यंत तग धरला. सव्वाअकराला मी टेबलावर हात आपटून ही बातमी अभिनयासह सादर करत होतो. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वरून कच्चा कांदा एवढ्यावर साठ वर्षं काढलेला माणूस पिझ्झा खायला पुण्याला निघाला! त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं पिझ्झाबाबू. नाव मीच ठेवलं. आज सांगताना जीभ जड होते, पण ठेवलं मीच.

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर दीड-दोन महिन्यांनी पुणं. माझी मुलगी हौसेनं हॉटेलांची यादी करून ठेवायची. आम्ही दोघं दोन दिवसांत चार-पाच ठिकाणं पालथी घालायचो. पिझ्झ्याचीही घराणी असतात, हे मला सात जन्मांत कळलं नसतं. रोमचा पिझ्झा पातळ, कडकडीत. बडे बाबू म्हणाले, “हा पापडाचा सोयरा.” शिकागोचा चार बोटं खोल, आत चीज आणि सॉस काठोकाठ. “हा पिझ्झा नोहे, हौद हाय.” डेट्रॉइटचा चौकोनी, लोखंडी तव्यात दाबून केलेला, कडेला चीज जळून कुरकुरीत झालेलं. तो मला भारी आवडला. त्यांनी एक घास घेऊन वही काढली. न्यूयॉर्कचा परातीएवढा, घडी घालून खायचा. नेपल्सचा मधे मऊ, काठ फुगलेला, त्यावर काळे ठिपके, लाकडाच्या भट्टीत दीड मिनिटात भाजलेला. आणि पुण्याच्या जुन्या बेकऱ्यांतला आपला देशी पिझ्झा, तयार पावावर कोबी आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. तो खाताना मात्र बडे बाबूंनी बूड न पाहताच वही बंद केली.

एकदा ते हात धुवायला गेले तेव्हा मी ती वही उघडली. काय करू, स्वभाव. पानापानांवर कार्यालयी अक्षरात शेरे होते: ‘लाटलेला. निकाली.’ ‘तव्यात दाबलेला. निकाली.’ ‘हातानं ताणलेला, पण टेबलावर. निकाली.’ चवीबद्दल एक अक्षर नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक ठिकाणी ते भट्टी दिसेल अशीच खुर्ची मागत. न दिसली तर लघवीच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरत आणि हाकलून दिले जात. मी ते किस्से वर्ध्याला आणून दुप्पट करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे.

मग एका रविवारी सकाळी मी कुंपणावरून डोकावलो.

अंगणात तीन विटांची चूल पेटलेली. तिच्यावर मातीचा मोठा मटका पालथा घातलेला. आणि बडे बाबू बनियनवर, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत. ढिली कणीक त्यांच्या दोन्ही हातांवरून फाटक्या धोतरासारखी लोंबत होती. एक तुकडा चुलीत, एक पायावर.

आपल्याकडची लांब रोटी तुम्हाला ठाऊक आहे. कणीक पातळ भिजवायची, तार सुटेपर्यंत आपटायची, गोळा या हातावरून त्या हातावर घेत घेत कोपरापर्यंत ताणायचा आणि रुमालाएवढा झाला की तापल्या मटक्यावर फेकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. ज्या बायांना ते येतं त्यांना लग्नाकार्यात मानानं बोलावतात. बायांना, बरं का. पुरुषाचं ते काम नव्हे, असं आपण मानतो.

मी तोंड उघडणार, एवढ्यात ते म्हणाले, “हास. हासून घे. मंग आत ये.”

मी आत गेलो. हसलो नाही, खरंच नाही.

“ज्याले आपण हासलो, ते आपल्याले येते का, हे पाहून राह्यलो,” ते म्हणाले. “नाई येत गा.”

आणि चुलीपाशी बसून, हातावरची कणीक नखानं सोलत सोलत त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोच्या हातच्या लांब रोट्या पंचक्रोशीत नावाजलेल्या. मुलगा लहानपणापासून तिच्याजवळ बसून शिकला. बडे बाबूंना ते डोळ्यांत खुपे. पोरानं परीक्षा द्याव्यात, कार्यालयात लागावं, असा त्यांचा हिशोब. बायको गेली. तेराव्या दिवशी, तेरवीला, रोट्या करणाऱ्या दोन बायांपैकी एक आली नाही. पंगत बसलेली, रोट्या संपल्या. तेव्हा मुलगा कुणाला न विचारता मटक्यासमोर बसला आणि त्यानं आईसारखी रोटी कोपरापर्यंत ताणली. लोक पाहत राहिले. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, अगदी आईचा हात घेतला पोरानं.

“अन् मी सोयऱ्याईच्या समोर बोललो,” बडे बाबू म्हणाले. “म्हटलं, हात घेतला त तिच्या बांगड्याही भरून घे.”

मुलगा हातातली रोटी मटक्यावर टाकून उठला. हात धुतले. आठ दिवसांत घर सोडलं. फोनचा नंबर बदलला. त्याला पाच वर्षं झाली होती. मधे कुण्या नातेवाइकानं सांगितलं की तो पुण्याला कुठंतरी पिझ्झा करतो, बस. हॉटेलाचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं.

“पण मग सरळ नाव घेऊन विचारायचं ना!”

“नाव घेतलं त त्याले समजन बाप आला. मागच्या दारानं जाईन निघून.” ते चुलीकडं पाहत होते. “माहा पोरगा लाटणं धरणार नाई. तव्यात दाबणार नाई. त्याची कणीक कोपरापर्यंत जाईन. मी तो हात पाह्यून ओळखीन.”

ती वही पिझ्झ्याची नव्हतीच. मी घरी गेलो आणि दोन दिवस कार्यालयात कुणाला काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं मला ताप आहे.

त्यानंतर आम्ही फक्त हातानं ताणणारी घराणी धरली, नेपल्स आणि न्यूयॉर्क. तिसऱ्या खेपेला, पुण्याच्या एका बाजूच्या गल्लीत, दुपारी दोनच्या सुमाराला आम्ही एका काचेच्या भिंतीसमोर बसलो. पलीकडं लाकडाची भट्टी. तिच्यापुढं पांढरा फेटा बांधलेला तिशीतला माणूस, पाठ आमच्याकडं. त्यानं गोळा उचलला, तळव्यावर फिरवला, आणि मग गोळा मनगटावरून चढत चढत थेट कोपरापर्यंत गेला. एका झटक्यात तो लाकडी फावड्यावर पडला, वर सॉस-चीज पसरलं आणि भट्टीत गेला.

बडे बाबूंनी वही काढली नाही. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून ते बसून राहिले.

“उठा,” मी म्हणालो. “उठा, बडे बाबू. दार तिकडं आहे.”

“त्याचे हात कणकेत हायेत.”

“मग?”

“त्याचे हात कणकेत असतानाच मी बोललो होतो गा. आता नाई. मोकळा असन तवा येऊ.”

पिझ्झा आला. त्यांनी एक तुकडा उचलला, वर धरला, बूड पाहिलं. माझ्या सदऱ्यावर रस सांडला. मग ते तो पिझ्झा काठासकट पूर्ण खाऊन गेले. मला एक तुकडा ठेवला नाही, आणि मी मागितलाही नाही. वाढणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, सुट्टी कोणत्या दिवशी असते? सोमवारी बंद असतं, पण भट्टीवाला वरच्याच खोलीत राहतो, म्हणाली. उठताना ते तिला म्हणाले, “भट्टीवाल्याले सांगजो, बूड चांगलं भाजलं.”

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. आयुष्यभर नको तिथं तोंड घालत आलेला मी. त्या एका दुपारी तोंड घालायला हवं होतं, काच ठोकायला हवी होती, आणि नेमका त्याच दुपारी मी शहाण्यासारखा गप्प बसलो.

परतीच्या गाडीत बडे बाबू लहान पोरासारखे बडबडत होते. पुढच्या महिन्यातलं तिकीट काढलं, रविवारी निघून सोमवारी पोचणारं. कोपरापर्यंत गोळा कसा न्यायचा ते मला बर्थवर बसून करून दाखवत होते. “मी त्याले म्हणीन, मले शिकव.” बस, एवढंच वाक्य त्यांनी तयार केलं होतं. गाडी बडनेऱ्याला येईपर्यंत ते त्यांनी चार वेळा म्हणून पाहिलं.

तिकिटाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, त्यांना अंगणात छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आम्ही परत आलो तेव्हा परातीत ओल्या फडक्याखाली त्यांनी भिजवलेली कणीक तशीच होती. माझ्या बायकोनं ती गाईला घातली आणि परात घासताना खूप रडली.

त्या हॉटेलात फोन मीच केला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, ते भट्टीवर आहेत, त्यांचे हात कणकेत आहेत.

मी म्हणालो, “धुवायला सांगा.”

तो आला. विमानानं नागपूर, तिथून गाडी. वडिलांचंच कपाळ, वडिलांसारखाच चष्मा पुसायला लागे. सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

“काका, त्या दिवशी तुमीच होते न त्याइच्या संगं?”

“हो.”

“पोरीनं निरोप सांगितला. बूड पाहणारा दुसरा कोण हाय दुनियेत? मी तसाच चौकापर्यंत पळत गेलतो. दोनदा पाह्यलं. नाई दिसले.”

“मग फोन का नाही केलास रे?”

तो आपल्या हातांकडं पाहत राहिला. “रोज करून राह्यलो होतो. नंबर लावायचो अन् काटायचो. पह्यलं वाक्य सुचत नोयतं.”

मला बडे बाबूंचं पहिलं वाक्य ठाऊक होतं. ते मी त्याला सांगितलं. तो उठून विहिरीच्या बाजूला गेला आणि बराच वेळ आला नाही.

तेरवीला रोट्या करायला दोन बाया सांगितल्या होत्या. दोघीही वेळेवर आल्या. तरी तो अंगणात आला, वडिलांनी मांडलेल्या त्या तीन विटांच्या चुलीवर त्यांचाच मटका पालथा घातला आणि समोर बसला. बाया बाजूला सरकल्या. मांडवात सोयरे होते, आमचं अख्खं कार्यालय होतं, पिझ्झाबाबूंचे किस्से ऐकून पोट धरणारे सगळे होते. या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर गेला, मनगटावरून वर चढला, कोपरापर्यंत पोचला. रोटी मटक्यावर पडली. उतरवल्यावर त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, डोक्याच्या वर धरली, आणि मान मागं टाकून खालून पाहिली.

मग घरात जाऊन त्यानं ती फोटोसमोरच्या पानावर ठेवली. उलटी. बूड वर करून.