चिंच-मिठाने घासलेल्या पिना

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावातून जळगावला शिकायला निघालो, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, पेटी डोक्यावर घेऊन मला होस्टेलच्या दारापर्यंत सोडलं होतं. हे आधी सांगतो, कारण पुढे लिहितो आहे ते त्याच माणसाशी मी कसा वागलो त्याबद्दल आहे.

धुळ्याला ऑफिसात लागल्यावर मी बॅटरीवरची मोटारसायकल घेतली. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी होतो. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, म्हणून सीट उघडून आतली धूळ पुसायला बसलो. बॅटरीच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरलेला दिसला. शेजारीच आई तांब्याची भांडी चिंच आणि मीठ लावून घासत होती. मला वाटलं, तांबं ते तांबंच. तिच्याच वाटीतली चिंच घेतली, पिना घासल्या आणि फडक्याने पुसल्या. लखलखीत झाल्या. आबांना बोलावून दाखवल्या.

आबा म्हणाले, मीठ राहिलं तर खाईल, ओल्या फडक्याने ते काढ. फवारणीच्या पंपाच्या पितळी तोटीवर औषध राहिलं की ती कशी खाल्ली जाते, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. मी हसलो. करंटच्या वस्तूला पाणी दाखवत नाहीत, आबा, एवढं म्हणून कनेक्टर जोडून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची फक्त चाकं धुतली. सीटजवळ ओलं फडकंही नेलं नाही.

दिवाळीनंतर आबा पहिल्यांदाच माझं ऑफिस बघायला निघाले. इस्त्रीची टोपी घालून मागे बसले होते. धुळ्याच्या अलीकडे गाडी झटके देऊ लागली आणि शहरात शिरता शिरता बंद पडली. दोघांनी ढकलत एका मिस्त्रीच्या दुकानापर्यंत नेली. त्याने सीट उघडून कनेक्टर सोडवला. पिना हिरव्या-पांढऱ्या भुकटीने भरलेल्या, एका बाजूचं प्लास्टिक वितळलेलं. आणि एका पिनेच्या बुडाशी चिंचेची शीर अडकलेली. ती मला दिसली.

"साहेब, पाणी गेलं होतं का आत?" मिस्त्रीने विचारलं.

"वडिलांनी दसऱ्याला धुतली. त्यांना यातलं काय कळतं," मी म्हणालो.

आबा दोन हात अंतरावर उभे होते. मिस्त्री त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, ही म्हैस नाही, धुवायला." बाकड्यावर चहा पीत बसलेले दोघे हसले. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"चूक व्हई गई, भाऊ," ते म्हणाले.

मिस्त्रीने वायर कापून नवा कनेक्टर बसवला, त्यावर ग्रीस लावलं आणि तो मला काळजी कशी घ्यायची ते समजावत राहिला. मी मान डोलावत होतो. गाडी सुरू झाल्यावर आबा म्हणाले, आता उशीर झाला, ऑफिस पुढे कधीतरी बघू. त्यांना स्टँडवर सोडलं. ते गाडीवरून उतरले तेही गाडीला हात न लावता, माझ्या खांद्याचा आधार घेऊन.

वर्षभर त्यांनी त्या गाडीला हात लावला नाही. अंगणात आडवी आली तर आईला सांगायचे, त्याला म्हण, गाडी सरकव. आईला कारण माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी दर रविवारी येऊन जेवून परत जात होतो.

या दसऱ्याला त्यांनी बैलांना धुतलं, नांगर धुतला आणि गाडीवर लांबूनच झेंडूचं फूल टाकलं. तेव्हा मला राहवलं नाही. कॉलेजपासून मी घरातही पुस्तकी मराठी बोलतो. त्या दिवशी मात्र तोंडातून आमचीच बोली आली.

"आबा, ती चिंच मीच लायेल व्हती."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "पन तो मिस्तरी तुले साहेब म्हनी राहिंता. मंग मी काय बोलू?"

मी बादली आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी फडकं बुडवलं, घट्ट पिळलं आणि कुठे चालेल म्हणून माझ्याकडे बघत थांबले. मी चाक दाखवलं. गेल्या वर्षीही त्यांनी चाकंच धुतली होती.

ऑफिस त्यांनी अजून पाहिलेलं नाही. कापसाची वेचणी झाली की येतो, म्हणाले आहेत.