साडूंचं बेट

घरात गादी असूनही जमिनीवर झोपायला माझ्या साडूंइतका उतावीळ असलेला माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल. कुसगावात त्यांचं स्वतःचं घर, घरात शिसवी पलंग, पलंगावर त्यांच्या पत्नीनं, आमच्या ताईंनी, समोर बसून भरून घेतलेली कापसाची गादी. पण दिवाळी झाली की साडूंची पाठ त्या गादीला टेकायला तयार नसे. त्यांना बेट आठवायचं. बेट म्हटल्यावर कुणी माडाची झाडं आणि वाळू डोळ्यांसमोर आणू नये. धरणाचं पाणी चढलं तेव्हा एका डोंगराचा पायथा बुडाला आणि वरचा भाग उघडा राहिला, तेच हे. होडीशिवाय जाता येत नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. तंबूंपुरता एक सपाट माळ, आणि तिथून माथ्याकडे जाणाऱ्या तीन पायवाटा. त्यांना वाटा म्हणणं हा साडूंच्या मनाचा मोठेपणा.

या वाटांना त्यांनी नातेवाइकांची नावं दिली होती. सगळ्यांत खडी, पायाखालून मुरूम सुटणारी वाट आमच्या सासूबाईंच्या नावाची. ‘दोन्हीकडे पाऊल जपूनच टाकावं लागतं,’ असं ते सासूबाई समोर असतानाही म्हणत. कारवीच्या झुडपांतून जाणारी, उगाचच वळणं घेत उशिरा पोचणारी वाट माझ्या नावाची. तीस वर्षं कारखान्यात स्टोअर सांभाळल्यामुळे हजेरीवाचून त्यांना करमायचं नाही. ते, मी आणि माझी बायको असे तिघंच असलो तरी ते तासातासाला शिट्टी फुंकत, नावं पुकारत, आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारून स्वतःच ‘हजर’ म्हणत. स्वयंपाकही त्यांचाच. त्यांच्या पिठल्यात तिखटापेक्षा राख जास्त पडायची. पलीकडच्या वाडीतले आबा आम्हाला होडीतून नेत. त्यांनाही साडू आग्रहानं वाढायचे. ‘लय झ्याक झालंय, भाऊ,’ म्हणत आबा ते पिठलं बाजूला सारायचे आणि घरून आणलेल्या मिरचीशी भाकरी खायचे. आणि माथ्यावर न जाता खालीच बसणाऱ्यांचा तर साडूंना मनापासून राग. ‘लग्नाला येऊन बाहेर चपला सांभाळत बसलात की हो,’ असं ते एकदा माझ्या बायकोला म्हणाले. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बावीस वर्षांत त्या एकदाही बेटावर आल्या नाहीत. ‘डास चावून घ्यायला होडीत कशाला बसायचं? मागच्या अंगणात झोपा, मी दार लावून घेते,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ताईंच्या पोटाचं दुखणं निघालं. पुण्यातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही असं सांगितलं. त्या वर्षी दिवाळी आली आणि गेली, साडूंनी बेटाचा विषय काढला नाही. तंबू घरच्या माळ्यावरच राहिले. एका सकाळी आम्ही दोघं तळेगावहून ताईंना बघायला गेलो होतो, तेव्हा त्याच म्हणाल्या, “अहो, यंदा तंबू नाही काढलात? मला न्या एकदा. बघू तरी माझी सवत दिसते कशी.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांना फोन लावला.

आबांनी होडीत पेंढा पसरून वर गोधडी घातली होती. पाणी ओलांडून आम्ही माळावर आलो, ताईंना एका झाडाला टेकवून बसवलं. त्या दिवशी साडूंनी शिट्टी गळ्यात घातलीच नव्हती. ते ताईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “आपण इथंच थांबू. वर तसं विशेष काही नाही.”

“काही नाही? मग बावीस वर्षं काय बघत होतात?”

आबा जवळच उभे होते. ते म्हणाले, “ताई, जायाचंय का वर? आमच्या वाडीतलं दुखणाईत माणूस आमी झोळी करूनच सडकंपातूर नेतो. तुमी काय जड न्हाई.”

आबांनी वाडीतून आपल्या भावाला बोलावून आणलं. गोधडीची झोळी बांबूला बांधली आणि आम्ही आळीपाळीनं खांदा दिला. माझ्या नावाची लांबलचक वाट धरली, कारण तिला चढ कमी. साडूंचा खांदा नसेल तेव्हा ते पुढे चालत होते, वाटेवरचे सुटे दगड पायानं बाजूला सारत, काटेरी फांद्या हातानं धरून ठेवत. त्यांचे हात ओरबाडून निघाले, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. मध्ये तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी ते ताईंना विचारत, “परतूया का?” आणि ताई डोळे मिटून मान हलवत, नाही.

माथ्यावर झोळी टेकवली. ताई बराच वेळ बघत राहिल्या. चहूकडे पाणी, पलीकडे भाताची कापलेली खाचरं, त्यामागे डोंगर.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“एवढंच,” साडू म्हणाले.

मग त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटायचं, तुम्हाला घरात करमत नाही.”

साडूंनी उत्तरेकडे हात केला. “ते काय, त्या डोंगरामागं कुसगाव. वर आलो की मी पहिल्यांदा तिकडंच बघतो. दर वेळी.”

ताईंनी साडूंचा ओरबाडलेला हात ओढून मांडीवर घेतला. माझी बायको पाठ फिरवून उभी राहिली.

होळीच्या आधी ताई गेल्या.

यंदा थंडी पडली तसा मी कुसगावला गेलो. म्हटलं, “भाऊ, आबांचा फोन होता. होडी डांबर लावून तयार आहे.”

“नको,” साडू म्हणाले.

थोड्या वेळानं आपणहून सांगू लागले, “रविवारी संध्याकाळी परत आलो ना, की ती माझी पँट घेऊन कुसळं वेचत बसायची. तोंडानं बडबड चालूच. आणि मी तिला सगळं सांगायचो. कोण घसरलं, कुठला पक्षी दिसला, पिठलं कसं झालं. ऐकतेय असं कधी दाखवलं नाही तिनं. पण मी थांबलो की म्हणायची, ‘मग?’”

“मग मला सांगा की,” मी म्हटलं. “मी बसतो ऐकत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

“तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तिथंच असता.”

मग चहा टाकतो म्हणून ते आत गेले. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सापडत नसावं. मी मदतीला उठणार होतो, पण तसाच बसून राहिलो.