बाप्पाचं गाव

आमच्या घरी गोष्टी कमी, पत्रकं जास्त. बाबा गोदावरीच्या प्रदूषणावर पत्रकं काढायचे, आम्ही दोघी बहिणी घड्या घालायचो. ताईचा पहिला दात पडला तेव्हा तिला तो मैत्रिणींसारखा छपरावर टाकायचा होता. बाबांनी तो एका पत्रकात गुंडाळून केराच्या डब्यात टाकला. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला बाबांचं पटलं होतं, आजही पटतं. खोटं खरं म्हणून गळी उतरवायची सवय लागलेल्या माणसाचा मला संशयच येतो, मग ती आई का असेना.

म्हणून ताईने आपल्या पाच वर्षांच्या लेकीला "बाप्पा नदीतून त्याच्या गावाला जातो" असं सांगितलं, तेव्हा मी तोंड उघडलंच.

"आता तिलाही पत्रक वाटणार का?" ताई म्हणाली. "गप्प बस जरा."

बसले गप्प. विसर्जनाला मी नेहमीप्रमाणे गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, मूर्तिदानाच्या टेबलाशी उभी होते. ताई लेकीला घेऊन आली. शेवटी तीही बाबांचीच मुलगी, मूर्ती नदीत सोडणं तिला जमेना. पाणी शिंपडून तिने मूर्ती माझ्या हातात दिली. बाप्पाच्या मनगटाला भाचीने आपलं केसांचं पिवळं रबर अडकवलं होतं, गावाला गेल्यावर तिची आठवण राहावी म्हणून.

परत निघताना भाचीला दानातल्या मूर्ती भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते रबर दिसलं.

"आई, बाप्पा इथेच आहे!"

"अगं, तो ट्रॉलीने गावाला चाललाय."

"तू नदीतून म्हणाली होतीस." मग माझ्याकडे वळून, "मावशी, कुठे चाललाय?"

मी खरं ते सांगितलं. ही मातीची मूर्ती आहे, हौदात भिजवतात, पुन्हा माती होते. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मग माझं रबर द्या."

त्या दिवसापासून ताईच्या प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न. भाजी तिखट नाही म्हटलं, तुझे बाबा लवकर येणार म्हटलं, की लगेच, "हे खरं, की बाप्पाच्या गावासारखं?" ताई हसण्यावारी न्यायची, पण तिचा चेहरा उतरायचा.

पंधरा दिवसांनी आम्ही तिघी लसीसाठी दवाखान्यात गेलो. "काही दुखत नाही हं," ताई म्हणाली. भाचीने माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, खरं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. "आईला विचार," मी म्हणाले.

ताई तिच्यासमोर वाकली. मग म्हणाली, "दुखेल गं. थोडंसं. मुंगी चावल्यासारखं."

भाचीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग बाही स्वतःच वर केली आणि दुसऱ्या हाताने आईचा पदर धरला.