पाठीचं बंद करा, छातीचं चालू ठेवा

जुनं मशिन विकताना आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक विचारतं, "काही प्रॉब्लेम?" पहिलं उत्तर "नाही". त्याने स्वतः हात फिरवून झीज शोधली, तर पुढचं बोलायचं. भोसरी-चाकणच्या बंद पडलेल्या वर्कशॉपमधली लेथ मशिनं घेण्या-विकण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी विचारलं, "घरात कधी कुणाला टीबी?" तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "नाही."

मी गेलो होतो पाठीसाठी. कणा खालून वर आखडत चालला होता. सकाळी अंथरुणातून सरळ व्हायला अर्धा तास लागायचा. मशिनखाली आडवं होऊन पाहिल्याशिवाय मी सौदा करत नाही, आणि आता आडवा झालो की दोघांनी ओढून काढावं लागायचं. गोळ्या, व्यायाम, शेक, सगळं झालं होतं. उरलं होतं एक इंजेक्शन, आणि त्याआधी रक्ताची एक तपासणी. ती पॉझिटिव्ह आली.

"लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या असतील," मी आवाज चढवला. "मला खोकला नाही, ताप नाही. छातीचा फोटो तुम्हीच पाहिलात, स्वच्छ आहे."

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या ओरडण्याला बधल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला टीबी झालाय असं मी म्हणतच नाही. टीबीच्या जंतूतली थोडी प्रथिनं नळीत असतात, त्यात तुमचं रक्त एक रात्र ठेवतात. ज्या पेशींची त्या जंतूशी जुनी ओळख आहे त्या लगेच इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप सोडतात. बाकीच्या पेशींना सावध करणारा. तो किती निघाला ते मोजतात. तुमचा भरपूर निघाला."

"ओळख कधीची?"

"ते रक्त सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीची असेल, तीसही असेल. पेशी विसरत नाहीत."

मीही विसरत नाही.

मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. मध्ये चार ठिपके, भोवती दाट कडं. ठिपके म्हणजे जंतू. ते मेलेले नसतात, कोंडलेले असतात. भोवतीच्या पेशींना जागेवर उभं राहायला सांगणारा आणखी एक निरोप असतो, त्याचं नाव टीएनएफ. शरीर तो रोज पाठवतं, म्हणून कडं टिकतं. माझ्या कण्यात तोच निरोप विनाकारण सुटत होता. तिथे शत्रू कुणी नाही, तरी पेशी गोळा होत होत्या आणि सांधे सुजवत होत्या. इंजेक्शन तो निरोप अडवणार. मग पाठ मोकळी होईल, आणि छातीतले पहारेकरीही पांगतील.

मी त्या गोलावर बोट ठेवून म्हणालो, "मग असं करा ना मॅडम. पाठीचं बंद करा, छातीचं चालू ठेवा."

त्या खळखळून हसल्या. "असं सुटं मिळत नाही, काका. आधी कोंडलेले मारायचे. बारा आठवडे, आठवड्यातून एकदा गोळ्या. मग इंजेक्शन."

"बारा? चार करा."

त्यांनी विचार केल्यासारखं केलं. "बरं. चार आठवड्यांनी इंजेक्शन सुरू. पण गोळ्या बाराच्या बारा."

सौदा जिंकल्याच्या आनंदात मी उठलो. पुढे नर्सकडून कळलं, की एक महिन्याने इंजेक्शन द्यायचं हे त्यांचं आधीपासूनच ठरलेलं होतं. मॅडमनी मला माझ्याच पद्धतीने गुंडाळलं होतं.

पण त्या दिवशी दारापाशी मॅडमनी अडवलं. "हे कुणाकडून आलं ते कळलं तर बरं. त्या माणसाने औषध अर्धवट सोडलं असेल आणि जंतू त्याला सरावले असतील, तर या गोळ्या कदाचित लागू पडणार नाहीत. एका खोलीत, बरेच महिने खोकणारं कुणी होतं का?"

होतं. दापोडीची खोली, मी एकोणीस वर्षांचा, आणि थोरला भाऊ. तो फाउंड्रीत होता. तिथे सगळेच खोकायचे, धुळीने. त्या हिवाळ्यात त्याने आधी माझं ताट वेगळं केलं, मग माझं अंथरूण दाराबाहेर घातलं, आणि एका रविवारी माझी ट्रंक उचलून रस्त्यावर ठेवली. "तुझं माझं जमत न्हाई. दुसरीकडं बघ." मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याखाली झोपून दिवस काढले. पुढे जे उभं केलं ते त्या रागावर. सख्ख्या भावाने हाकललं ही गोष्ट मी लग्नकार्यात, चहाच्या टपरीवर, जिथे कान मिळेल तिथे सांगितली आहे. अकरा वर्षांपूर्वी आईच्या दिवसांत भेटलो, तेवढंच. तो आता धाराशिवकडे गावी असतो.

इंजेक्शन हवं होतं, म्हणून फोन लावला.

"अण्णा, दापोडीला असताना तुला टीबी होता का?"

त्याने उलट विचारलं, "कोन म्हनलं?"

"माझं रक्त म्हणतंय."

"आँ?" त्याला सगळं समजावून सांगावं लागलं. शेवटी म्हणाला, "व्हता."

"गोळ्या पूर्ण घेतल्या?"

"एक बी चुकवली न्हाई. सरकारी दवाखान्याच्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची नुसती. पुना कदी झाला न्हाई."

मला हवं ते मिळालं होतं. फोन ठेवायला हरकत नव्हती. पण माझा आवाज चढला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला? तू गल्लीभर बोंबलला असतास. फाउंड्रीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी काढलं असतं. मंग गोळ्या गिळायला भाकर कुटनं आनायची?"

"म्हणून ट्रंक रस्त्यावर?"

"मंग काय, मांडीवर घिऊन बसू व्हय तुला?"

मी काहीतरी तिखट बोललो, तोही बोलला. मग म्हणाला, "पाठीचं इंजेक्शन घे. आन ये एकदा."

माझा राग गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. एक शब्द सांगितला असता तर मी निमूट गेलो असतो, असं मला अजून वाटतं. पण त्या वयातला मी आठवला की खात्री देता येत नाही. मी खरंच बोंबललो असतो. मला ट्रंकेसकट बाहेर ठेवून त्याने कोंडलं ते स्वतःलाच, हे फार उशिरा लक्षात आलं. तोवर त्याच्यावर चिडून राहायची मला सवय झाली होती, आणि सवय खरं कळल्यावर लगेच सुटत नाही.

गोळ्या बाराही आठवडे घेतल्या. इंजेक्शन सुरू होऊन चार महिने झाले. मॅडमनी बजावलंय, ताप, खोकला, वजनात घट, काहीही झालं तरी लपवायचं नाही, त्याच दिवशी यायचं. साधा ठसका लागला तरी बायको माझ्याकडे वळून बघते, आणि मीही छातीकडे लक्ष देतो. सकाळी मात्र एका झटक्यात उठतो. परवा चाकणला एका मशिनखाली शिरलो आणि आपला आपण बाहेर आलो.

गावाला जायला एसटीने पाच-सहा तास लागतात. इतके दिवस मी सगळ्यांना सांगायचो, एवढा वेळ बसवत नाही. आता तसं सांगता येत नाही. या रविवारी जायचं ठरवलंय. अण्णाला कळवलेलं नाही, कारण फोनवर आमचं पुन्हा भांडण झालं तर मी जाणार नाही.