हातावर ठेवायची घंटा

आर्डिसने मर्लच्या मोटरसायकलींच्या दुकानाचं दार ढकललं तेव्हा मर्लला वाटलं, ही गेलेल्या नवऱ्याची, ड्वेनची गाडी विकायला आली. त्याने जमेल तेवढा दुःखी चेहरा केला.

"अगं, घाई काय आहे तुला? राहू दे की गॅरेजमध्ये अजून थोडे दिवस."

"विकायला नाही, घ्यायला आलेय. मला मोटरसायकल पाहिजे. माझ्यासाठी."

मर्ल हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने हसू गिळलं.

आर्डिस म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली आर्डिस. अर्धं गाव तिच्या हातची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि सोबतचा दालचिनीचा रोल खाऊन वाढलेलं. आमच्या आयोवात तिखट चिलीबरोबर गोड रोल खातात, बाहेरचे लोक त्याला नाकं मुरडतात, मुरडोत बापडे. ताटात मटार टाकलेले तिला खपत नसत. आज बँकेत मोठ्या खुर्चीवर बसणारा माणूससुद्धा तिला समोर बघून मुकाट्याने मटार संपवतो. अशी ही बाई, उंचीला बेताची, साठीकडे झुकलेली. ड्वेनशी लग्न झाल्यापासून ती त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसत आली होती. डोंगर, नद्या, परगावच्या जत्रा सगळं तिने पाहिलं, पण नेहमी उजवीकडे नाहीतर डावीकडे. समोर ड्वेनची पाठ असायची. तिला तीच आवडायची, हेही खरं.

ड्वेन गेल्या ऑक्टोबरात गेला. मक्याची कापणी चालू होती, यंत्रांच्या आवाजाने बिथरलेलं हरीण शेतातून थेट रस्त्यावर, त्याच्या गाडीसमोर आलं. ड्वेनच्या डोक्याला नुसता रुमाल बांधलेला. आमच्याकडे हेल्मेटची सक्ती नाही आणि सक्ती नसलेली गोष्ट ड्वेनला सांगणं म्हणजे कुंपणाच्या खांबाला सांगणं. बायकोला मात्र तो हेल्मेटशिवाय मागे बसू देत नसे. "तुझं डोकं महागाचं आहे आर्डी, माझ्यात काय ठेवलंय?" हा त्याचा ठरलेला विनोद. त्या दिवशी तिची शाळा होती, म्हणून तो एकटाच होता.

हेल्मेटवरून आर्डिसने स्वतःला फारसा दोष दिला नाही. तिने सांगून सांगून हात टेकले होते, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला आतून कुरतडत होती ती घंटा.

आमच्या मोटरसायकलवाल्या लोकांत एक रीत आहे. गाडीच्या खाली, रस्त्याच्या अगदी जवळ, अंगठ्याएवढी घंटा टांगायची. रस्त्यावरची बारकी भुतं गाडीला चिकटतात आणि ती या घंटेत अडकून खाली पडतात, असं म्हणतात. पण घंटा स्वतः विकत घेऊन स्वतः लावली तर तिचा काही उपयोग नाही. ती कुणीतरी हातावर ठेवावी लागते, आणि तुम्ही धड परत यावं असं देणाऱ्याला मनापासून वाटावं लागतं. हसणारे हसतात. पण त्यांच्याही गाडीखाली वाकून बघा, घंटा सापडेल.

ड्वेनने आपली घंटा एका मेळाव्यात स्वतःच विकत घेतली होती. घरी आला आणि थेट स्वयंपाकघरात. आर्डिसचे हात कोपरापर्यंत रोलच्या कणकेत.

"आर्डी, ही घे आणि मला दे. म्हणजे चालेल ती."

"दिसत नाही का माझे हात? चल हो बाजूला. लाव जा तुझी तूच, पत्र्याचा तुकडा तो!"

"अगं, दोन सेकंदांचं काम आहे."

"मग दोन सेकंदांत लाव आणि हात धुऊन जेवायला ये."

तो हसत हसत गेला आणि लावून आला. त्यानंतर कित्येक वर्षं ती घंटा तशीच लटकत होती, कुणी न दिलेली. आर्डिसला पुन्हा कधी आठवणही झाली नाही. आठवण झाली ती दफन आटोपून घरी आल्यावर, गाडी परत आणून गॅरेजात उभी केलेली दिसली तेव्हा. हँडल वाकलं होतं. घंटेला ओरखडासुद्धा नव्हता.

आता मोटरसायकल कशासाठी, तर मे महिन्यासाठी. मेच्या पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात गाड्या रांगेने उभ्या राहतात, पास्टर एकेका हँडलवर हात ठेवून आशीर्वाद देतात आणि मग सगळे मिळून नदीपर्यंत फेरी मारून येतात. वर्षभरात जो गेला असेल त्याची जागा रांगेत मोकळी ठेवायची, आणि त्याच्या घरचं कुणीतरी गाडी आणून त्या जागेत उभं राहायचं. घरचं कुणी आलं नाही तर बाकीचे थोडे थोडे सरकून जागा भरून टाकतात. मनात कुणाच्याच वाईट नसतं. पण म्हाताऱ्या हार्लनची जागा अशी भरून गेलेली आर्डिसने पाहिली होती. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची कमी करावी, तेवढाच वेळ लागला होता. ड्वेनचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. मुलगा डॅरिन गाडीला हात लावायला तयार नव्हता. म्हणजे उरली तीच.

दुरुस्त करून आणलेली ड्वेनची गाडी तिने आधी गॅरेजात सरळ करून पाहिली होती. गाडी तिच्यासकट आडवी झाली. उचलता येईना. मग ती तिथेच फरशीवर बसून पोटभर रडली.

मर्लने हे सगळं ऐकून घेतलं आणि तिला मागच्या कोपऱ्यात नेलं. "पहिली गाडी कशी हवी? पडली तर एकटीला उचलता आली पाहिजे. कारण पाडशील तू, मी आत्ताच सांगून ठेवतो. बस या लाल गाडीवर. दोन्ही टाचा जमिनीला टेकतायत?"

टेकत होत्या. गाडी जुनी होती, बुटकी होती.

"गवत कापायच्या मशीनसारखी दिसतेय रे."

"गवत कापायच्या मशीनवर कुणी मेलेलं ऐकलंयस का कधी?" मर्ल बोलून गेला आणि जीभ चावून हेल्मेटं आणायला पळाला.

अर्धं हेल्मेट तिने हातातही घेतलं नाही. हनुवटीसकट झाकणारं मागितलं. मर्लने ते तिच्या डोक्यावर दाबून बसवलं आणि दोन्ही हातांनी डावीकडे उजवीकडे हलवलं.

"गाल आवळतायत, मर्ल."

"आवळायलाच पाहिजेत. तोंडाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर ते बरोबर बसलं. सैल घेशील तर पडल्यावर तू एकीकडे आणि हे एकीकडे. आणि हे बघ, जोरात श्वास घेतलास की काच धुरकटते. मग ती बोटभर उघडायची, घाबरायचं नाही."

रंग तिने पिवळा निवडला, शाळेच्या बसचा. कोपरांना आणि खांद्यांना आतून जाड गाद्या असलेलं जॅकेट घेतलं, घोटे झाकणारे बूट, हातमोजे. आरशात बघून म्हणाली, "मधाचं पोळं काढायला निघालेली बाई दिसतेय." मर्लने काउंटरवरच्या बरणीतून एक नवी घंटा काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही माझ्याकडून."

"ठेव. ड्वेनचीच आहे माझ्याकडे. आणि ती ज्याने द्यायला हवी आहे तो तू नाहीस. रागावू नकोस."

मर्ल रागावला नाही.

डॅरिन रविवारी जेवायला आला, तेव्हा तिने घंटा मिठाच्या डबीशेजारी ठेवली. "ही उचल आणि मला दे. बाकी काही मागत नाही."

डॅरिनने काटा खाली ठेवला. "आई, डोकं फिरलंय का तुझं? या घरातून एक माणूस गेलं, तेवढं पुरलं नाही? तुला त्या गाडीवर बसवायला मी मदत करू? आणि हे काय, पत्र्याचा तुकडा आहे तो!"

"मला ठाऊक आहे तो पत्रा आहे. म्हणून तर तुझ्या बाबांच्या हातावर ठेवला नाही मी."

मग कणकेची, दोन सेकंदांची ती गोष्ट तिने त्याला सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. डॅरिन ऐकत राहिला, पण घंटेला त्याने हात लावला नाही. "बाबा हरणामुळे गेले," एवढं म्हणून तो उठला. पुढचे रविवार तो आलाच नाही. फोनवर हवापाण्याचं बोलायचा आणि ठेवून द्यायचा.

जत्रेच्या मैदानात नव्यांना शिकवायचा वर्ग भरतो, तिथे आर्डिस जाऊ लागली. बरोबरची सगळी मुलं तिच्या हातचं जेवलेली; तिने गाडी पाडली की धावत यायची आणि "मिसेस ट्वेट, मटार संपवले नाहीत का?" म्हणून चिडवायची. ती पाडायची, उचलायची. शेवटी परीक्षा पास झाली. ते सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून गॅरेजात जाऊन ड्वेनच्या गाडीला सांगून आली.

मेच्या त्या रविवारी हार्लनच्या, आता कुठे गाडी चालवायला लागलेल्या नातवाच्या आणि मर्लच्या गाड्यांच्या मध्ये जागा मोकळी ठेवलेली होती. आर्डिसने लाल गाडी हळूच तिथे नेऊन उभी केली. ड्वेनच्या मापाने ठेवलेली जागा. तिची बुटकी गाडी त्यात हरवल्यासारखी दिसत होती. कुणी हसलं नाही. घंटा तिच्या खिशात होती. तिच्याशिवायच जायचं तिने मनाशी कबूल केलं होतं. पास्टरनी ड्वेनचं नाव वाचलं, तिच्या हँडलवर हात ठेवला आणि पुढे गेले. इंजिनं सुरू झाली.

तेवढ्यात कुंपणाजवळून डॅरिन आला. इस्त्रीचा शर्ट, डोळे लाल. तिच्याकडे न बघता त्याने हात पुढे केला.

"आण ती."

तिने घंटा काढून त्याच्या हातात दिली. त्याने मूठ मिटली, उघडली आणि घंटा तिच्या हातमोज्यावर ठेवली.

"घे. घरी ये जेवायला. मी करून ठेवलंय."

झालं. पुढची गाडी अजून जागची हलली नव्हती, तेवढ्यात झालंसुद्धा. आर्डिस आपल्या तळहाताकडे बघत राहिली. एवढंच होतं ते. कणीक झटकायची, हात पुढे करायचा, एवढंच मागत होता ड्वेन. आणि तो हसत हसत गेला होता.

"अगं आर्डिस, चल," शेजारून मर्ल ओरडला.

गाडीखाली टांगायला आता वेळ नव्हता; तिने घंटा जॅकेटच्या आतल्या खिशात टाकून चेन ओढली आणि हेल्मेटची काच खाली केली, म्हणजे डॅरिनला तिचं तोंड दिसू नये. काच लगेच धुरकटली. मर्लने शिकवल्याप्रमाणे ती तिने बोटभर उघडली आणि ड्वेनच्या जागेवरून गाडी बाहेर काढली.